दोन दिवसांचा हंगाम



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज आम्ही यांपैकी कशावरही बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत शेवंडीवर. म्हणजे इंग्रजीत जिला लॉबस्टर म्हणतात तिच्यावर, आणि अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दरवर्षी जुलैअखेर हजारो माणसे हौसेने बुड्या मारून तिला पकडतात त्या दोन दिवसांवर.

हा विषय का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे. कारखान्यात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी वाद सुरू होतो. मालक म्हणतो, कामगार बेफिकीर होता. कामगार म्हणतो, मुकादमाने घाई केली. या वादात पुष्कळदा खरे कारण हरवते. म्हणून अपघाताचे मूळ समजून घ्यायचे असेल तर असे एखादे ठिकाण शोधावे की जेथे मालक नाही, मुकादम नाही, पगार नाही, आणि तरीही माणसे जिवाला मुकतात. फ्लोरिडातला हा दोन दिवसांचा हंगाम असे ठिकाण आहे. तेथे कोणी कोणाला पाण्यात ढकलत नाही. माणसे रजा काढून, पदरचे पैसे मोडून, आपल्या आनंदासाठी जातात, आणि त्यांतली काही परत येत नाहीत. असे का व्हावे?

प्रथम शेवंडीची ओळख करून घेऊ. फ्लोरिडाच्या समुद्रातली शेवंड काटेरी पाठीची असते. उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या लॉबस्टरला असतात तशा मोठ्या नांग्या तिला नसतात. दिवसा ती पोवळ्यांच्या खडकांतल्या कपारीत दडून राहते आणि तिच्या लांब मिशा तेवढ्या बाहेर दिसतात. रात्री ती खाणे शोधायला बाहेर पडते. हिच्या पिल्लाची कथा मोठी विलक्षण आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू कागदासारखे पातळ आणि पारदर्शक असते, आणि ते सहा-सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, उघड्या समुद्रात प्रवाहांबरोबर वाहत राहते. मग किनाऱ्याजवळ येऊन तळाला लागते, आणि पकडण्याजोगी होईपर्यंत आणखी दोनएक वर्षे जातात. शरद ऋतूत वादळे सुरू झाली की याच शेवंडी एकीमागे एक अशी रांग धरून समुद्राच्या तळावरून खोल पाण्याकडे चालू लागतात. पुढचीला मागचीच्या मिशांचा स्पर्श असतो. रांगेत चालल्याने मागच्यांना पाण्याचा विरोध कमी होतो, असे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. संघटनेचे महत्त्व आम्ही माणसांना तीस वर्षे सांगत आलो; शेवंडीला ते कोणी सांगावे लागले नाही!

आता हंगामाकडे वळू. फ्लोरिडात धंदेवाईक मच्छीमार शेवंडीसाठी सापळे लावतात. त्यांचा नियमित हंगाम ६ ऑगस्टला सुरू होतो आणि ३१ मार्चला संपतो. सापळे पडण्यापूर्वी हौशी माणसांना थोडी संधी मिळावी आणि दोघांची एकमेकांना अडचण होऊ नये, म्हणून १९७५ पासून हौशी लोकांसाठी दोन दिवस वेगळे काढण्यात आले. जुलै महिन्यातला शेवटचा लागोपाठचा बुधवार आणि गुरुवार, हे ते दोन दिवस. बुधवारी मध्यरात्री हंगाम उघडतो आणि गुरुवारी मध्यरात्री बंद होतो.

या दोन दिवसांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. नियम म्हटला की आपल्याकडे माणूस कपाळाला आठ्या घालतो. पण प्रत्येक नियमाच्या पोटात एक कारण असते, आणि कारण समजले की नियम जाचत नाही.

पहिला नियम मापाचा. शेवंडीच्या पाठीच्या कवचाची लांबी तीन इंचांहून अधिक असली पाहिजे. ती पाण्यातच मोजायची. मोजपट्टी बरोबर नसेल तर पाण्यात उतरून शेवंड धरणे हाच गुन्हा. माप पाण्यातच का घ्यायचे? शेवंड होडीवर आणून मोजली आणि ती लहान निघाली, तर ती वरून कोठेतरी टाकून दिली जाते. आपल्या कपारीपासून दूर, उघड्यावर, माशांच्या तोंडी. पाण्यात मोजली तर ती जेथे धरली तेथेच सोडता येते. दुसरा नियम अंडी धरलेल्या मादीचा. तिच्या शेपटीखाली नारिंगी किंवा तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले की तिला सोडून द्यायचे. ती कितीही मोठी असो. तिसरा नियम असा की भाला, आकडा किंवा टोचणारे कोणतेही हत्यार चालत नाही. एक बारीक काठी घ्यायची, कपारीत घालून शेवंडीला मागून हलकेच डिवचायचे, ती बाहेर आली की जाळीत घ्यायची. भाला मारल्यावर ती लहान होती की अंडीवाली होती हे कळून काय उपयोग? चौथा नियम, शेपटी पाण्यात मोडून घ्यायची नाही. शेवंड अखंड किनाऱ्यावर आणायची. नुसत्या शेपटीवरून कवचाचे माप कसे पडताळणार?

पाचवा नियम संख्येचा. या दोन दिवसांत माणशी दिवसाला बारा शेवंडी. मात्र दक्षिणेकडचा मन्रो परगणा, म्हणजे फ्लोरिडा कीज बेटांचा भाग, आणि बिस्केन राष्ट्रीय उद्यान येथे सहाच. मन्रो परगण्यात या हंगामात रात्रीची बुडीही बंद असते. जॉन पेनिकँप प्रवाळ उद्यानात तर या दोन दिवसांत शेवंड धरायलाच मनाई आहे.

सहावा नियम निशाणाचा. आणि हा माणसाच्या जिवाशी थेट जोडलेला आहे. पाण्याखाली माणूस असेल तेथे वर तांबडे निशाण लावायचे, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरा तिरपा पट्टा. होडीवरचे निशाण निदान वीस इंच बाय चोवीस इंचांचे, तरंगत्या बोयावरचे बारा इंच बाय बारा इंचांचे. बुडी मारणाऱ्याने उघड्या समुद्रात या निशाणापासून तीनशे फुटांच्या आत राहायचे, आणि इतर होड्यांनी तीनशे फूट दूर राहायचे. जवळून जाणे भागच असेल तर अगदी मंद गतीने. माणसे वर आल्यावर निशाण उतरवायचे. हे शेवटचे कलम आम्हांला फार आवडते. निशाण सदासर्वदा फडकत ठेवले तर त्याचा अर्थच नाहीसा होतो. कारखान्यातली धोक्याची पाटी बारा महिने तेथेच टांगलेली असली की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तसेच हे.

आता माणसाच्या शरीराकडे येऊ. आम्ही शाळा सातवीत सोडली. पदार्थविज्ञान शिकलो ते रात्रीच्या वाचनालयात. पण बुडीचे पदार्थविज्ञान अवघड नाही. समुद्रात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. पाठीवरच्या टाकीतून त्या खोलीवर छातीभर श्वास घेतला आणि तो रोखून धरून माणूस वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. छाती फुग्याप्रमाणे ताणली जात नाही, फुप्फुस फाटते. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. भरल्या छातीने दीड मीटर पाण्यातून वर उसळी घेणेसुद्धा पुरते. म्हणून टाकी घेऊन बुडी मारणाऱ्याचा पहिला धडा एकच: श्वास कधीही रोखू नये.

उलट जे टाकी न घेता नुसत्या दमावर बुडी मारतात, त्यांचा धोका वेगळा. पुष्कळांची समजूत असते की आधी भराभर दहा-पंधरा दीर्घ श्वास घेतले की जास्त वेळ खाली राहता येते. राहता येते, पण कशाच्या जोरावर? श्वास घ्यावा असे आपल्याला वाटते ते प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. भराभर श्वासांनी प्राणवायूचा साठा वाढत नाही. फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, म्हणजे धोक्याची घंटाच बंद पडते. माणूस खाली मजेत असतो, आणि वर येताना, पृष्ठभाग हातभर उरला असता, बेशुद्ध होतो. जवळ सोबती नसेल तर तो तसाच जातो, आणि बुडणाऱ्याची धडपड कोणाला दिसतही नाही.

तिसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम वर आले तर गोळीसोड्याच्या बाटलीची गोळी दाबल्यावर होते तसे होते. बुडबुडे सुटतात, सांधे धरतात, कधी पाठीचा कणा लुळा पडतो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर यायचे नाही, आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबायचे, अशी आज सर्वत्र शिकवण आहे. टाकीतली हवा संपेपर्यंत खाली राहायचे नाही. चौथा हिस्सा शिल्लक ठेवून होडीवर परतायचे.

हे सगळे लोकांना माहीत नसते काय? पुष्कळांना माहीत असते. मग माणसे मरतात का?

डोळ्यांपुढे चित्र आणा. वर्षातून एकदा येणारा बुधवार आहे. कोणी पाच महिने टाकी घराबाहेर काढलेली नाही. कोणाचा मुखवटा गळतो आहे, कोणाची नळी तपासलेली नाही. पहाटेपासून शेकडो होड्या एकाच खडकाभोवती दाटल्या आहेत. शेजारच्या होडीत नऊ शेवंडी आल्या, आपल्याकडे दोन. माणूस डोके खाली आणि पाय वर करून कपारीत हात घालतो. मिशा समोर दिसत आहेत. हवा किती उरली हे दाखवणारा काटा कमरेशी लोंबत आहे, आणि तो पाहायला मान वळवावी लागेल, एवढ्यात शेवंड आत सरकेल. सोबत्याच्या पुढेही त्याची कपार आहे. दोघे कधी दुरावले ते दोघांनाही कळत नाही. निशाण तीनशे फुटांवर होते, ते केव्हाच मागे पडले. बुडीतल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या तर त्यांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ आढळतात, आणि हृदयविकार हे एक मोठे कारण आढळते. म्हणजे आमच्याच वयाची, वर्षभर खुर्चीवर बसलेली माणसे, दोन दिवसांत वर्षाची हौस उरकू पाहतात.

येथे मुकादम नाही असे आम्ही मघा म्हणालो. पण नीट पाहिले तर मुकादम आहे. या दोन दिवसांत प्रत्येक जण स्वतःचाच मुकादम झालेला आहे. वेळ थोडा, मोजदाद नगावर, आणि शेजाऱ्याशी चढाओढ. या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला आमच्या भाषेत उक्ते काम म्हणतात. उक्त्या कामात चालू यंत्र न थांबवता ते साफ करायला माणूस हात घालतो, कारण यंत्र थांबले तर नग कमी होतात. चालत्या यंत्राजवळच्या कामावर १९४८ च्या कारखाने कायद्यात स्वतंत्र कलम घालावे लागले ते याचसाठी. कपारीत हात घालणारा हौशी आणि चालत्या पट्ट्यात हात घालणारा कामगार, दोघांच्याही मनात त्या क्षणी एकच वाक्य असते: एवढे एकच, मग थांबतो.

आणि गंमत पाहा. हंगाम दोनच दिवसांचा आहे ही समजूतसुद्धा खरी नाही. ६ ऑगस्टपासून ३१ मार्चपर्यंत हौशी माणसालाही शेवंड धरता येते, दिवसाला सहा. म्हणजे जवळजवळ आठ महिने समुद्र मोकळा असतो. बुधवारी जमले नाही तर दोन आठवड्यांनी जमेल. ज्याने दोन शेवंडींवर समाधान मानून काटा पाहिला आणि वर आला, त्याचे काहीही नुकसान झालेले नाही. घाई हंगामाने केलेली नाही; आपल्या मनाने केलेली आहे.

मात्र याच शेवंडीची दुसरी बाजू सांगितल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. फ्लोरिडाच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्र आहे, आणि त्याच्या काठी होंडुरास व निकाराग्वा या देशांत मिस्किटो लोकांची वस्ती आहे. हीच शेवंड, याच जातीची, तेथेही सापडते. पण मिस्किटो पाणबुड्या हौसेने उतरत नाही; पोटासाठी उतरतो. मजुरी आणलेल्या वजनावर मिळते. उथळ पाण्यातल्या शेवंडी कमी झाल्या, तशी बुडी खोल गेली; तीस-तीस, चाळीस-चाळीस मीटर, आणि एका दिवसात एकामागून एक अनेक टाक्या. ना शिक्षण, ना दाब मोजणारे साधन, ना जवळ उपचाराची सोय. शेकडो तरुण माणसे कमरेखाली लुळी पडली. बेचाळीस मिस्किटो पाणबुड्यांचा खटला आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी त्याचा निकाल लागला. होंडुरास सरकारने जबाबदारी मान्य केली. पाणबुड्यांना नेमणारे धनी खासगी असले, तरी त्यांच्यावर देखरेख न ठेवणारे सरकार दोषी ठरते, हे या निकालातून स्पष्ट झाले. टाक्या लावून शेवंड धरणेच बंद करावे असे मध्य अमेरिकेतल्या देशांनी २००९ च्या करारात ठरवले होते. पण पोटाला दुसरे काम दिल्याशिवाय नुसत्या कागदावरची बंदी पाण्याखाली पोचत नाही.

फ्लोरिडाचा हौशी आणि मिस्किटो पाणबुड्या यांच्यात फरक कोणता? रक्तातला नायट्रोजन दोघांचाही सारखाच. फरक एवढाच की एकाला 'आज पुरे' म्हणता येते, दुसऱ्याला म्हणता येत नाही. ज्याला म्हणता येते त्याने ते म्हणावे, आणि ज्याला म्हणता येत नाही त्याच्या वतीने कायद्याने आणि संघटनेने म्हणावे. कामगार चळवळीची इतकी साधी व्याख्या आम्हांला दुसरी सापडलेली नाही.

सावकाश वर येण्याची विद्या हौशी लोकांनी शोधलेली नाही, हेही लक्षात ठेवावे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेच्या पेटीत मजूर खणत होते. ते वर आले की वेदनांनी वाकडे होत. मे १८७२ मध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला. त्याच वर्षी पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही त्याच व्याधीने जायबंदी झाला. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे हे दाखवले, आणि १९०८ मध्ये ब्रिटनच्या हॉल्डेन यांनी, बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज सुट्टीत बुडी मारणाऱ्याच्या मनगटावरचे यंत्र जो हिशोब करते, त्याची पहिली किंमत मजुरांच्या सांध्यांनी भरलेली आहे.

आपल्या घरी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर शेवंड आहे. मुंबईजवळच्या समुद्रात चपट्या जातीची शेवंड पुष्कळ मिळत असे. ट्रॉलरच्या जाळ्यांनी ती इतकी उपसली गेली की १९९४ च्या सुमारास तो धंदाच बसला. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली; चिखली तळावर राहणाऱ्या आपल्याकडच्या काटेरी शेवंडीला तीनशे ग्रॅम, चपटीला दीडशे. पण हा नियम परदेशी जाणाऱ्या मालाला. आपल्या बाजारात लहान शेवंड विकत घेणाऱ्याला कोण अडवणार? तेथे मोजपट्टी गिऱ्हाइकाच्याच मनात असावी लागते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची कोळ्यांची जुनी रीत कोणत्या सरकारी वटहुकुमाने सुरू झालेली नव्हती. दर्याचे भय आणि माशाची वीण, दोन्ही सांभाळणारा तो एक नियम होता.

दुसरा संबंध सुट्टीचा. मालवण-तारकर्लीला आता बुडी मारण्याची सोय आहे, आणि आपल्या गावातून दिवाळीत व मे महिन्यात पुष्कळ मंडळी तेथे जातात. तो हंगामही पावसापूर्वी आटोपायचा असतो, आणि तेथेही रांग लागते. तेव्हा जाणाऱ्यांनी एवढे करावे. शिक्षक काय सांगतो ते पुरते ऐकावे. फोटोवाल्याकडे मागाहून पाहावे. छातीचा, रक्तदाबाचा, दम्याचा त्रास असेल तर लाजेखातर लपवू नये. पाण्यात श्वास अडवू नये. होडीत गर्दी दिसली, अंगरखा नीट बसला नाही, मन कचरले, तर खुशाल म्हणावे, आज नको. पैसे बुडतील, ते बुडालेले परवडतात.

शेवटी एकच सांगणे. धोका समुद्रात असतो हे खरे, पण अपघात बहुधा घड्याळात असतो. गिरणीत असो, रस्त्यावर असो की फ्लोरिडाच्या निळ्या पाण्यात असो, थोडक्या वेळात जास्त पदरात पाडून घेण्याची ओढ माणसाला शेवटचा श्वास मोजू देत नाही. नियम ही त्या ओढीला घातलेली वेसण आहे. ती दुसऱ्याने घालण्यापूर्वी ज्याने स्वतः घालून घेतली तो शहाणा. आणि ज्याच्या हाती ती नाही, त्याच्यासाठी ती मिळवून देणे हे आपणा सर्वांचे काम.